कागद कोणासाठी लिहावा?

बारामतीस राहणारे आमचे एक वाचकबंधू आहेत. त्यांचे मूळ गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या काठी. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या राहत्या घरावर चार खोल्या बांधल्या व त्या भाड्याने द्यावयास काढल्या. बारामतीस आज महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांची आणि औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या तरुणांची इतकी गर्दी आहे की, खोलीस भाडेकरू शोधावा लागत नाही. तोच येऊन दार ठोठावतो. पहिल्या दोन खोल्या त्यांनी आपल्याच मंडळीतील दोन कुटुंबांच्या मुलांना दिल्या, त्या केवळ शब्दावर. तेव्हा घरात वाद उपस्थित झाला. पत्नीचे म्हणणे, कागद करावा. ह्यांचे म्हणणे, ज्यांच्या आईबापांबरोबर आपण एका बाकावर बसतो त्यांच्या मुलांकडून कागद लिहून घेणे म्हणजे त्यांचा शब्द हलका लेखणे होय. हा वाद त्यांनी निवाड्यासाठी आमच्याकडे पाठविला आहे. आम्ही काही न्यायाधीश नव्हे. परंतु हा प्रश्न त्यांच्या एकट्याच्या घरचा नाही, म्हणून त्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती अशी की, ह्या वादात पतिपत्नी दोघांचेही एका बाबतीत एकमत आहे. कागद हा मालकाच्या संरक्षणासाठी असतो, असे दोघेही धरून चालतात. पत्नीस ते संरक्षण हवे आहे, आणि पतीस ते मागण्याचा संकोच वाटतो, इतकाच काय तो भेद. परंतु मुळात हे गृहीतच बरोबर आहे काय? ज्याच्या नावावर घर आहे, ज्याच्या खिशात दुसरी किल्ली आहे, व ज्याच्या हाती अनामत रक्कम आहे, त्यास कागदावाचून फारसे भय नाही. भय आहे ते त्या दूरच्या खेड्यातून आलेल्या मुलास. उद्या भाडे वाढविले, परवा पाणी तोडले, परीक्षेच्या तोंडावर 'खोली रिकामी कर' म्हणून सांगितले, तर त्याने काय दाखवावे? तेव्हा कागद न करणे ह्यात विश्वास आहे खरा. पण तो कोणी कोणावर ठेवावयाचा? मालक म्हणतो, 'माझा तुझ्यावर विश्वास आहे'. आणि त्याचा परिणाम मात्र असा होतो की, विश्वास ठेवण्याचे सगळे ओझे भाडेकरूच्या डोक्यावर पडते.

आमच्या राज्याच्या कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे, हे पाहून आम्हांस समाधान वाटले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या ५५व्या कलमात असे सांगितले आहे की, जागा भाड्याने देण्याचा अथवा वापरास देण्याचा प्रत्येक करार लेखी असावा व त्याची नोंदणी व्हावी. आणि ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. मालकाने ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु आम्हांस महत्त्वाचे वाटते ते ह्याच्या पुढील वाक्य. असा नोंदलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली होती ह्याविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरावे, जोपर्यंत त्याच्या उलट सिद्ध होत नाही. पाहा, किती अर्थपूर्ण गोष्ट आहे! दोघांच्या तोंडच्या शब्दांत तंटा पडला असता कायदा दुर्बळाच्या शब्दाकडे झुकतो. कारण लिहिणे हे ज्याच्या हाती होते त्याने लिहिले नाही.

अकरा महिन्यांचा करार असल्यास नोंदणी लागत नाही, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे झाले, असा समज गावोगाव पसरलेला आहे. त्याचे मूळ १९०८च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाच्या आतील साध्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्यात सक्तीची नव्हती, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची वाट काढली. १९९९च्या वर सांगितलेल्या कलमाने ती वाट बंद केली आहे, ही गोष्ट पुष्कळ घरमालकांस अद्याप ठाऊक नाही.

असो. कागदाविषयी आपल्या शेतकरी लोकांच्या मनात जी अढी बसली आहे, तिला मात्र मोठे कारण आहे, आणि ते कारण बारामतीपासून फार दूर नाही. ह्याच तालुक्यातील सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांचा जो उठाव झाला, त्याची हकीकत शाळेच्या पुस्तकांत 'दख्खनचे दंगे' ह्या नावाने येते. तेथे जमलेल्या लोकांनी सावकारांची घरे व दुकाने गाठली. त्यांस मुख्यत्वे हवे होते ते धान्य नव्हे, रोकडही नव्हे. त्यांस हवे होते कर्जरोखे. जेथे सावकाराने कागद निमूटपणे काढून दिले तेथे त्याच्या अंगास सहसा हात लागला नाही. कागद मिळाले की त्यांची होळी करावयाची, हा त्या उठावाचा नेम होता. ज्याच्यावर आपला अंगठा आहे पण ज्यातील एक अक्षर आपणांस वाचता येत नाही, त्या कागदाचा हा द्वेष होता. किती घेतले, किती फेडले, व्याज किती चढले, हे फक्त एकाच पक्षाच्या पेटीत ठाऊक होते.

सरकारने चौकशी समिती नेमली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या जिल्ह्यांस तो प्रथम लागू झाला. त्यात कागदच नकोत असे म्हटले नाही. शेतकऱ्याने लिहून द्यावयाचे दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावेत, फेडलेल्या रकमेची लेखी पावती त्यास मिळावी, आणि तंटा कोर्टात आला असता न्यायाधीशाने केवळ कागदावर न विसंबता मूळ व्यवहार कसा झाला ह्याचा तपास करावा, असे ठरविले. म्हणजे अंगठा उठला एवढ्याने संमती झाली असे मानावयाचे नाही, हे तत्त्व आमच्या जिल्ह्यात जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी मान्य झाले होते.

आपल्या वाचकांस यिर्मयाने शेत विकत घेतल्याची गोष्ट आठवत असेल. अनाथोथ येथील ते शेत त्याने आपल्या चुलतभावाकडून सतरा शेकेल रुपे तोलून घेतले. व्यवहार घरातल्या घरात, नगराला वेढा पडलेला, आणि घेणारा तर बंदीत. तरीही त्याने साक्षीदार बोलाविले व खरेदीचे दोन लेख केले, एक मोहोर केलेला आणि एक उघडा, आणि दोन्ही मातीच्या पात्रात ठेवविले. चुलतभावावर अविश्वास म्हणून त्याने तसे केले, असे कोणी म्हणेल काय? मोहोर केलेला लेख बदलता येऊ नये म्हणून. आणि उघडा, आम्हांस वाटते, पाहिजे त्यास वाचता यावा म्हणून.

आता इंदापूरकडे वळू. आमच्या वाचकबंधूंच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांच्या आजोबांच्या शेतात पुरलेले आहे, असे आम्हांस वाटते; कारण त्यांच्या आजोबांनी आपली जमीन एका साखर कारखान्यास खंडाने दिली होती, हे त्यांनीच पत्रात सहज म्हणून लिहिले आहे.

नीरा डाव्या कालव्याने ह्या भागात पाणी आले, तरी पाणी येणे निराळे आणि ऊस करणे निराळे. उसास पाणीपट्टी, खत, बियाणे, मजुरी ह्यांसाठी वर्षभर पैसा गुंतवावा लागतो, आणि १९२९नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळून कुणबी कर्जाने गांजला होता. अशा वेळी, १९३२ साली, परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविण्याचा कायदा झाला व देशात साखर कारखाने झपाट्याने निघू लागले. इंदापूर तालुक्यात कळंब गावाच्या शिवारात शेठ वालचंद हिराचंद ह्यांच्या उद्योगसमूहाने उभारलेला कारखाना १९३४ सालचा; तेथे वसलेले वालचंदनगर आज सर्वांस ठाऊक आहे. कारखान्यांस सलग ऊसमळे हवे होते, आणि शेतकऱ्यांस नियमित खंड. तेव्हा येथे व नगर, नाशिक, सोलापूर वगैरे जिल्ह्यांतही शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांनी कारखान्यांस दिल्या. त्यांनाच पुढे खंडकरी शेतकरी हे नाव पडले. एरवी खंडकरी म्हणजे खंडाने जमीन कसणारा. येथे जमीन देणाराच खंडकरी ठरला. भाषेने जणू आधीच सांगून ठेविले की, ह्या व्यवहारात मालक कोण आणि कूळ कोण, हे नावावरून ओळखू नका.

पुढे काय झाले? १९४८ साली कूळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसेल त्याची जमीन हे तत्त्व अमलात आले. परंतु ऊस करण्यासाठी खंडाने दिलेल्या जमिनी त्या कायद्याच्या मुख्य तरतुदींतून वगळलेल्या होत्या. नंतर १९६१ साली जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालणारा कायदा आला. कारखान्याच्या ताब्यात असलेली जमीन, मग ती त्याच्या मालकीची असो अथवा खंडाने घेतलेली असो, त्याच्या धारणेत मोजली गेली. मर्यादेपलीकडची जमीन सरकारजमा झाली. आणि ती कसण्यासाठी १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. ज्याने पाचदहा एकर खंडाने दिली होती, ज्याच्या स्वतःच्या घरी मर्यादेच्या जवळपासही जमीन नव्हती, त्याची जमीन दुसऱ्याच्या मोठेपणामुळे गेली! कॉम्रेड माधवराव गायकवाड ह्यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी खंडकऱ्यांचा लढा पिढ्यान्‌पिढ्या चालविला. मध्यंतरी कायद्यात दुरुस्त्या झाल्या व काहींस काही जमीन मिळाली; पुष्कळांच्या वारसांस मात्र २०१२ साली वाटप सुरू होईपर्यंत वाट पाहावी लागली. कागद करणारे आजोबा, वाट पाहणारे वडील, आणि सातबाऱ्यावर नाव पाहणारा नातू.

ह्यात कारखानदारांनी लबाडी केली असे आमचे म्हणणे नाही. तीस वर्षांनी कोणता कायदा होईल हे त्यांस तरी कोठून ठाऊक असणार? परंतु एक प्रश्न आम्हांस सोडीत नाही. त्या पट्ट्यांवर सह्या व अंगठे करणाऱ्यांस मुदत म्हणजे किती, ती संपल्यावर काय, मध्येच पैशाची अथवा जमिनीची गरज पडली तर काय, हे कोणी समजावून सांगितले होते काय? आपल्या प्रत्येक दस्ताच्या शेवटी एक ठरीव वाक्य येते: वाचून पाहून, समजून घेऊन, राजीखुषीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे. सह्यांना साक्षीदार असतात. ह्या वाक्याला साक्षीदार कोण?

आणि म्हणूनच आम्ही आमच्या बंधूंस म्हणतो की, आपल्या घराण्यास हा अनुभव कूळ म्हणून नव्हे, मालक म्हणून आलेला आहे. तरी त्या व्यवहारात दुर्बळ पक्ष आपलाच होता. आज आपण चार खोल्यांचे मालक आहात, आणि ह्या वेळी बळ आपल्या बाजूस आहे. कागद करा. पण तेवढ्याने भागणार नाही. तो वाचून दाखवा.

हल्ली करार घरबसल्या संगणकावर होतो. दलाल एक लहानसे यंत्र घेऊन येतो, आधारचा अंगठा घेतो, छायाचित्र काढतो, आणि चहा निवेपर्यंत काम आटोपते. मसुदा बहुधा इंग्रजीत, पूर्वीच कोणासाठी तरी केलेला. नाव तेवढे बदललेले. सुप्याच्या शेतकऱ्यास अक्षर येत नव्हते. आजच्या मुलास अक्षर येते, पण पंचवीस कलमे कोण वाचतो? अंगठा तोच, न वाचणेही तेच. आणि ह्या कागदाचा जोर तर फार मोठा आहे. राहण्याच्या जागेचा लिव्ह अँड लायसन्सचा लेखी करार असला, म्हणजे त्यात लिहिलेल्या गोष्टींविषयी तोच निर्णायक पुरावा, असे १९९९च्या कायद्याचे २४वे कलम सांगते. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. ज्यास आपण बोलण्यात भाडेकरू म्हणतो तो ह्या करारात खरे पाहता कूळ नव्हेच. ठरावीक काळापुरती राहण्याची परवानगी मिळालेला मनुष्य, एवढाच त्याचा हक्क. हे त्या मुलास ठाऊक आहे काय? मालकाने सांगितले नाही, तर सांगणार कोण?

जेथे खरे भाडेपट्टे आहेत तेथे तर मालकाच्या कर्तव्यांची यादी बरीच आहे. जागा दुरुस्त ठेवणे त्याच्याकडे आहे. भाड्याची लेखी पावती देणे त्याच्याकडे आहे. भाडेकरूस हैराण करण्यासाठी पाणी किंवा वीज तोडणे हा तर गुन्हा आहे. कित्येक सद्गृहस्थ, जे दान देताना हात आखडत नाहीत, ते पावती मागितली म्हणजे दुखावतात, हे आम्ही पाहिले आहे.

येथवर खोल्यांविषयी झाले. पण आमचे बहुतेक वाचक खेड्यांत राहतात, आणि त्यांच्यात खोलीपेक्षा शेत देण्याचा प्रसंग अधिक येतो. तो प्रश्न ह्याहून अवघड आहे, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. एखाद्या विधवा बाईचे दोन एकर शेत आहे. मुलगा पुण्यास नोकरीला. कसावयास घरी कोणी नाही. ती शेजाऱ्यास निम्म्या वाट्याने किंवा ठरीव खंडाने देते. कागद करीत नाही, कारण कागद झाला की कूळ लागेल आणि शेत जाईल, ही धास्ती. ह्या भीतीला हसणे योग्य नाही. कूळकायद्याने लाखो कसणाऱ्यांस ताठ मानेने उभे केले ही गोष्ट खरी; पण त्याच भीतीने पुढच्या कसणाऱ्यांस तोंडी करारावर आणून ठेविले, हीही तितकीच खरी. दरसाल शेजारी बदलावयाचा, म्हणजे कोणाचाच हक्क लागू नये, अशीही युक्ती केली जाते; मग कोण कशाला त्या जमिनीत शेणखत घालील?

अशा व्यवहारात मालकाची परीक्षा कधी होते म्हणाल, तर गारपीट झाल्यावर. पंचनामा होतो, नुकसानभरपाई मंजूर होते, आणि ती सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या बँकेच्या खात्यात जमा होते. बियाणे शेजाऱ्याचे, नांगरट शेजाऱ्याची, रात्रीचे पाणी शेजाऱ्याने दिलेले, आणि आडवे झालेले पीकही त्याचेच. पीकविम्यात खंडाने करणाऱ्यास भाग घेता येतो, परंतु त्यास नोंदलेला भाडेकरार लागतो, आणि तो तर केलेलाच नाही. आता खात्यात आलेले ते पैसे कोणाचे? कायद्याने विचाराल तर नाव ज्याचे त्याचे. आमच्या मते ज्याची खोट झाली त्याचे, आणि ज्या प्रमाणात पिकाचा वाटा ठरला होता त्या प्रमाणात. ठरीव खंड घेऊन मोकळ्या झालेल्या मालकाचा त्या पैशावर एका रुपयाचाही नैतिक हक्क आम्हांस दिसत नाही. कोणी म्हणेल, 'तसे ठरले नव्हते.' बरोबर आहे, ठरविले नव्हते. आणि ठरविण्याचे टाळले ते कोणी? ज्या बाईस शेत जाण्याच्या भीतीने कागद करवत नाही, तिने निदान चार माणसांसमोर ही एक गोष्ट पेरणीपूर्वी बोलून ठेवावी. तेवढ्याने तिची जमीन जात नाही.

आमच्या वाचकबंधूंनी आपल्या मसुद्याची प्रत पत्रासोबत धाडली होती. तीत एक कलम असे होते की, मुलाने सहा महिन्यांच्या आत खोली सोडल्यास अनामत रक्कम परत मिळणार नाही. आम्ही त्यांस लिहिले की, हे कलम आपण स्वतःच्या तोंडाने त्या मुलाच्या वडिलांस वाचून दाखवा, आणि वाचताना आपली जीभ कोठे अडते ते पाहा. मूल आजारी पडून घरी गेले तरी पैसे ठेवून घेणार काय? नसाल, तर तसे लिहा. घेणार असाल, तर तेही स्पष्ट लिहा.

हा लेख छापावयास देत असता त्यांचे दुसरे पत्र आले. करार त्यांनी मराठीत करविला. पत्नीने दोन प्रती काढल्या. मुलाचे वडील निमगाव केतकीहून आले होते. त्यांना ओसरीवर बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत सर्व कलमे वाचून दाखविली. अनामतीचे कलम वाचण्यापूर्वीच ह्यांनी खोडले होते. वडील मान हलवीत ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी इतकेच विचारले, "सर्व ठीक आहे हो दादा, पण लाईटबिल कोणी भरायचं?" ते त्यात लिहिलेलेच नव्हते.